गेमिंग पीसीचं कोटेशन कसं वाचायचं: कोल्हापुरातल्या नवख्यांसाठी

"आय-५ प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ४ जीबी ग्राफिक कार्ड, ५०० वॅट एसएमपीएस, आरजीबी कॅबिनेट." राजारामपुरी असो की शाहूपुरी, गेमिंग पीसीचं कोटेशन मागितलं की पुष्कळदा अशा पाच ओळी आणि खाली एक गोल आकडा हातात पडतो. (एसएमपीएस म्हणजे मशीनच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा पॉवर सप्लाय.) वाचायला भारदस्त वाटतं. पण मशीन दहा वर्षांपूर्वीचं आहे की यंदाचं, एवढंसुद्धा या पाच ओळींतून कळत नाही. आय-५ या नावाने इंटेल २००९ पासून प्रोसेसर विकते आहे. चार जीबीच्या कार्डात २०१४ चं जीटी ७३० येतं आणि जीटीएक्स १६५० पण येतं. पहिल्यावर आजचा एखादा मोठा गेम धड उघडणारही नाही, दुसऱ्यावर निदान कमी सेटिंगला चालेल.

म्हणून सुटे भाग निवडणं म्हणजे निम्मं काम कोटेशन पूर्ण करून घेण्याचं आहे. प्रत्येक ओळीपुढे कंपनी, पूर्ण मॉडेल नंबर, वॉरंटीची वर्षं आणि सुटी किंमत लिहून मागा. "सगळं ब्रँडेडच आहे बघा, बिनधास्त घेऊन जावा" हे उत्तर आलं तर हसून दुसऱ्या दुकानाची पायरी चढा. चांगले दुकानदार गावात आहेत आणि मॉडेल नंबर विचारणारं गिऱ्हाईक त्यांना आवडतं, कारण त्याला एकच गोष्ट पाच वेळा समजवावी लागत नाही.

आधी गेम, मग स्क्रीन, मग पैसे

दुकानात जायच्या आधी वहीत तीन गेमची नावं लिहा. खरोखर रोज खेळणार ते तीन, यूट्यूबवर बघून आवडलेले नव्हेत. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ हे तुमचे गेम असतील तर ग्राफिक कार्डावर फार ताण नाही. तिथे फ्रेम, म्हणजे सेकंदाला तयार होणारी चित्रं, वाढतात त्या मुख्यतः प्रोसेसरच्या जोरावर. सायबरपंक २०७७, रेड डेड रिडेम्प्शन २ असली मोकळ्या जगाची मोठी प्रकरणं खेळायची असतील तर निम्मा जीव ग्राफिक कार्डात ओतावा लागतो. इथे एक गैरसमज मिटवून टाकू. ऑनलाइन खेळताना पिंग (सर्व्हरकडून उत्तर यायला लागणारा वेळ) जास्त येतो म्हणून महागडं कार्ड घेणारी पोरं मी बघितली आहेत. पिंग हा तुमच्या इंटरनेट लाईनचा आणि गेमच्या सर्व्हरपर्यंतच्या वाटेचा मामला आहे. त्यासाठी राउटरपासून मशीनपर्यंत लॅनची वायर ओढा, शेदोनशे रुपयांत फरक दिसेल.

गेम ठरले की मॉनिटर ठरवा. तो सगळ्यात शेवटी उरलेल्या पैशात घ्यायची पद्धत आहे, ती उलटी आहे. १९२०×१०८० च्या स्क्रीनवर सुमारे २०.७ लाख ठिपके असतात, २५६०×१४४० वर सुमारे ३६.९ लाख, आणि फोर-के वर ८३ लाखांच्या घरात. दर सेकंदाला तेवढे ठिपके शंभर-दीडशे वेळा रंगवायचं काम ग्राफिक कार्डाचं. म्हणजे स्क्रीन ठरल्याशिवाय कार्ड ठरूच शकत नाही. पहिल्या मशीनसाठी माझं मत सरळ आहे: २४ इंची, १०८०पी, आयपीएस पॅनल (बाजूनेही रंग नीट दिसणारं), १४४ हर्ट्झ किंवा त्याहून जास्त. साठ हर्ट्झचा जुना मॉनिटर सेकंदाला साठच चित्रं दाखवतो. कार्ड दोनशे काढत असलं तरी वरची वाया जातात. पैसे सैल असतील तर २७ इंची १४४०पी घ्या, पण मग कार्डही वरच्या पायरीचं लागणार हे धरून चाला.

आता पैसे. घरात "सत्तर हजारांत पीसी" असं ठरतं, आणि दुकानात गेल्यावर कळतं की सत्तर नुसत्या डब्याचे होते. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस, हेडफोन, यूपीएस आणि विंडोजचं लायसन्स हे सगळं पहिल्याच आकड्यात धरा. (पप्पांना "इंजिनिअरिंगच्या प्रोजेक्टसाठी" असं सांगून झालेलं असतं, त्यामुळे दुसऱ्यांदा पैसे मागायची सोय नसते.) उरलेल्या रकमेतले साधारण ३५ ते ४० टक्के ग्राफिक कार्डाला, ३० टक्क्यांच्या आसपास प्रोसेसर आणि बोर्ड (मदरबोर्ड) मिळून, बाकीच्यात रॅम, एसएसडी, एसएमपीएस, कॅबिनेट. हे माप काटेकोर नाही. पण कोटेशनमध्ये कॅबिनेट आणि लायटिंगचे पंखे एसएमपीएसपेक्षा महाग दिसले, तर कोटेशन कोणत्या डोक्याने काढलंय ते समजून घ्या.

ग्राफिक कार्ड

"किती जीबीचं?" हा पहिला प्रश्न विचारू नका. आधी चिपचं पूर्ण नाव, मग मेमरी.

नाव अर्धवट राहिलं की काय होतं त्याचं चांगलं उदाहरण म्हणजे आरटीएक्स ३०५०. याच नावाने ८ जीबीचं कार्ड आहे आणि ६ जीबीचं पण आहे. फरक नुसत्या दोन जीबीचा वाटतो. प्रत्यक्षात ६ जीबीवाल्यात चिपचे कोअरच (आतले काम करणारे छोटे भाग) कमी आहेत, २५६० च्या जागी २३०४, आणि मेमरीचा रस्ताही अरुंद आहे. ते वाईट कार्ड आहे असं नाही. ते ७० वॅटमध्ये भागतं, त्याला वेगळी पॉवरची वायर लागत नाही, त्यामुळे घरातल्या जुन्या ऑफिस पीसीत टाकायला सोयीचं. पण ८ जीबीच्या भावात ते गळ्यात पडू नये. तसंच आरटीएक्स ५०६० टीआय आणि आरएक्स ९०६० एक्सटी ही दोन्ही कार्डं ८ आणि १६ जीबी अशा दोन रूपांत मिळतात. कोटेशनवर नुसतं "५०६० टीआय" असेल तर ते ८ जीबीचं आहे असंच समजा.

मग किती मेमरी पुरेल? १०८०पीवर स्पर्धात्मक गेमसाठी ८ जीबी आजही चालून जाते. नव्या मोठ्या गेममध्ये टेक्स्चरची (वस्तूंवरच्या बारीक पोताची) सेटिंग वर ओढली की ८ जीबी भरते, आणि भरली की सरासरी एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) ठीक दिसत असूनही मध्येच चित्र अडखळतं. चार-पाच वर्षं कार्ड बदलायचं नसेल तर १२ किंवा १६ जीबीकडे बघा. इंटेलचं आर्क बी५८० हे १२ जीबीचं कार्ड त्यामुळेच मोहात पाडतं, पण त्याला बोर्डावर रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम हाताळू देणारी सोय) चालू असणं गरजेचं आहे. जुन्या मशीनमध्ये ती सोय नसेल तर त्याचा वेग चांगलाच पडतो.

एनव्हिडिया की एएमडी? चौकात याच्यावर तासभर भांडण होऊ शकतं. माझा निवाडा असा: सारख्या भावात एएमडी पुष्कळदा थोडी जास्त ताकद किंवा मेमरी देते. एनव्हिडियाकडे डीएलएसएस (कमी ठिपक्यांचं चित्र एआयने मोठं करून फ्रेम वाढवणारं तंत्र) आहे, शिवाय ब्लेंडर किंवा व्हिडिओ एडिटिंगची कामं तिच्यावर सुकर होतात. नुसतं खेळायचं असेल तर त्या आठवड्यात जे स्वस्त ते घ्या. खोक्यावरच्या "फ्रेम जनरेशन"च्या आकड्यांवर मात्र विसंबू नका. त्यात मधल्या फ्रेम बनवलेल्या असतात, चित्र गुळगुळीत दिसतं, पण माऊस हलवल्यावरचा प्रतिसाद मूळ फ्रेमइतकाच राहतो.

एकाच चिपची कार्डं वेगवेगळ्या कंपन्या बनवतात. तीन पंख्यांचं चमकदार आणि दोन पंख्यांचं साधं, यांच्या वेगात दोन-चार टक्क्यांपलीकडे फरक नसतो. ते पैसे वाचवून वरची चिप मिळत असेल तर ती घ्या.

प्रोसेसर आणि बोर्ड

ही जोडी एकत्रच ठरते, कारण प्रोसेसरचं सॉकेट (तो बसतो ती जागा) बोर्ड ठरवतं आणि बोर्ड रॅम ठरवतो. सध्या नवख्याच्या समोर तीन वाटा आहेत.

पहिली, एएमडीचं एएम४. जुनं झालेलं, डीडीआर४ रॅम, पण हात आखडता असेल तर रायझन ५ ५६०० अजूनही कामाचा गडी आहे: ६ कोअर, १२ थ्रेड, ६५ वॅट. इथे ५६००, ५६००जी आणि ५५०० यांत गल्लत होते. ५६०० मध्ये ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली झटपट मेमरी) आणि पीसीआयई (कार्ड आणि एसएसडी जोडणारा रस्ता) ४.०, बाकी दोघांत १६ एमबी आणि ३.०. कार्डासोबत लावायचा असेल तर ५६००. आत्ता कार्डाला पैसेच नाहीत, सहा महिन्यांनी घेणार, अशी अवस्था असेल तर ५६००जी, कारण त्याच्यात स्वतःचं ग्राफिक आहे.

दुसरी, इंटेलचं एलजीए १७००. यात १२, १३ आणि १४ व्या पिढीचे प्रोसेसर बसतात. कोअर आय५-१२४००एफ इथला लोकप्रिय. शेवटच्या "एफ"चा अर्थ आत ग्राफिक नाही, म्हणजे कार्डाशिवाय स्क्रीनवर काहीच येणार नाही. या सॉकेटचे बोर्ड डीडीआर४ चे वेगळे आणि डीडीआर५ चे वेगळे. खाच वेगळी असते, एकाची पट्टी दुसऱ्यात बसत नाही. १३ आणि १४ व्या पिढीतल्या वरच्या प्रोसेसरांमध्ये अस्थिरतेची तक्रार निघाली होती. इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) दिला आणि वॉरंटी दोन वर्षं वाढवली. तसला प्रोसेसर घेत असाल तर बोर्डाचं बायोस (बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअर) ताजं करून मागा.

तिसरी, एएमडीचं एएम५, २०२२ पासूनचं, फक्त डीडीआर५. रायझन ५ ७६०० सोबत खोक्यात कूलर येतो, ७६००एक्स सोबत येत नाही, कोटेशनमध्ये कूलरची ओळ शोधताना हे लक्षात असू द्या. या सॉकेटवर किमान २०२७ पर्यंत नवे प्रोसेसर देऊ असं एएमडीने सांगितलंय. पुढे तीन वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून मशीन ताजं करायचं असेल तर हीच वाट. बजेट ताणून ज्याला जमतं त्याने एएम५ घ्यावं, ज्याला जमत नाही त्याने एएम४ घेऊन उरलेले पैसे कार्डात घालावेत. एएम४ घेतलं म्हणून खेळताना कोणी हसत नाही.

बोर्डाच्या बाबतीत थोडक्यात: ए५२० वर पीसीआयई ३.० एवढंच मिळतं, बी५५० वर ४.०. एच६१० वर रॅमच्या दोनच खाचा. बी६५०, बी७६० हे मधल्या फळीतले बोर्ड बहुतेकांना पुरतात. वायफाय हवं तर ते बोर्डाच्या नावात आहे का बघा, नंतर यूएसबीचं खुटूक लावण्यात मजा नाही. आणि "बॉटलनेक किती टक्के", म्हणजे एका भागापायी दुसरा किती अडतो, हे सांगणाऱ्या वेबसाइटींचा नाद सोडा. त्या आकड्याला गेम आणि सेटिंग माहीतच नसतं.

रॅम आणि एसएसडी

रॅम १६ जीबी हे किमान, ३२ चांगलं. दोन पट्ट्या घ्या, एक नको. १६ ची एक पट्टी आणि ८ च्या दोन, जीबी तेवढेच, पण दोन पट्ट्यांनी ड्युअल चॅनल (दोन्हींतून एकदम ये-जा) चालतं आणि गेममध्ये ते दिसतं. डीडीआर४ असेल तर ३२०० किंवा ३६००, एएम५ वर डीडीआर५ ६००० हा वेग सोन्यासारखा बसतो. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव भडकलेत, कारण मेमरी बनवणाऱ्यांचा कल एआय सर्व्हरकडे वळला. त्यामुळे गेल्या महिन्याचं कोटेशन आज चालेलच असं नाही आणि त्यात दुकानदाराचा दोष नसतो. भाव अगदीच डोक्यावरून गेला तर डीडीआर५ ची १६ ची एकच पट्टी घेऊन दुसरी नंतर टाकणं ही तडजोड मला मान्य आहे, फक्त तेव्हा तीच कंपनी आणि तेच मॉडेल शोधावं लागेल.

एसएसडी १ टीबी, एनव्हीएमई (पीसीआयईवर चालणारा वेगवान प्रकार), नावाजलेल्या कंपनीचा. एकेक गेम शंभर जीबीच्या पुढे जातो, ५१२ जीबी चार गेममध्ये संपतो. साटा (जुन्या, हळू जोडणीचा) एसएसडी सेकंदाला साडेपाचशे एमबीच्या आसपास अडतो, पीसीआयई ३.० चा एनव्हीएमई साडेतीन हजारांपर्यंत जातो, ४.० चा सात हजारांच्या आसपास. खेळताना शेवटच्या दोघांतला फरक तुम्हाला घड्याळ लावूनच कळेल, त्यामुळे स्वस्त पडेल तो घ्या. कोटेशनवर नुसतं "५१२ एसएसडी" असेल तर कोणता ते विचारा.

एसएमपीएस, अर्थिंग आणि यूपीएस

कोल्हापुरात मशीन बसवायचं तर मी सगळ्यात जास्त वेळ या ओळीवर घालवेन. पावसाळ्यात दिवसातून चारदा लाईट जाते-येते, उद्यमनगर-शिरोलीच्या बाजूला मोठ्या मोटारी चालू-बंद होताना दिवे मिणमिणतात, करवीरच्या वाड्यावस्त्यांवर व्होल्टेजची कथा आणखी वेगळी. हा सगळा मार पहिल्यांदा एसएमपीएस खातो, आणि तो हलका असेल तर जाताना बोर्ड आणि कार्डही सोबत नेतो.

कॅबिनेटसोबत "फ्री" येणारा ५०० वॅटचा एसएमपीएस बहुधा कागदी पैलवान असतो. त्याचं खरं बळ ओळखायची साधी रीत आहे. डब्याच्या बाजूला स्टिकर असतो, त्यावर १२ व्होल्टसमोर अँपिअरचा आकडा बघा आणि १२ ने गुणा. प्रोसेसर आणि कार्ड हे दोघेही १२ व्होल्टवरच जेवतात. चांगल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसवर तिथे ४५ अँपिअरच्या आसपास आकडा असतो, म्हणजे ५४० वॅट. नावाला ५०० असलेल्यावर १८ अँपिअर दिसले तर हिशेब २१६ वॅटवर येऊन थांबतो.

लागतात किती? १२४००एफ जोर लावला की ११७ वॅटपर्यंत जातो, आरटीएक्स ५०६० चे १४५, बोर्ड-रॅम-एसएसडी-पंखे मिळून पन्नास-साठ धरा. सव्वातीनशेच्या आसपास. ५५० वॅटचा ८० प्लस ब्रॉन्झ एसएमपीएस याला आरामात पुरतो. आरटीएक्स ५०७० सारखं २५० वॅटचं कार्ड घ्यायचं असेल तर ६५० किंवा ७५०. ८० प्लसचा ठसा म्हणजे वीज किती वाया जाते याचं प्रमाणपत्र, आतल्या मालाची हमी नव्हे. म्हणून ठशासोबत वॉरंटीची वर्षंही बघा. कंपनी पाच-सात वर्षं द्यायला तयार असेल तर तिचा आपल्या मालावर विश्वास आहे. कार्डाला पीसीआयईच्या स्लॉटमधून ७५ वॅट मिळतात आणि ८ पिनच्या प्रत्येक वायरीतून १५० पर्यंत, तेव्हा एसएमपीएसला तसली वायर मुळातूनच आहे का हे बघा. जुन्या चार पिनच्या मोलेक्सवर कन्व्हर्टर लावून कार्ड चालवून देतो असं कोणी म्हटलं तर नको म्हणा. मॉड्युलर (वायरी सुट्या निघणाऱ्या) एसएमपीएसच्या वायरी दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला कधीही लावू नका; टोक बसतं, पण आतली जोडणी वेगळी असू शकते आणि पहिल्याच बटणाला एसएसडी जळतो.

आता अर्थिंग. अनवाणी पायाने कॅबिनेटला हात लावला की मुंग्या येतात, ही तक्रार जुन्या वाड्यांतून आणि भाड्याच्या खोल्यांतून फार येते. मशीन बिघडलेलं नसतं. एसएमपीएसच्या तोंडाशी असलेले फिल्टर थोडा करंट अर्थमध्ये सोडतात, आणि भिंतीतल्या तिसऱ्या भोकाला अर्थच जोडलेला नसेल तर तो तुमच्या बोटातून जातो. वायरमनला बोलवा, मल्टिमीटर लावायला सांगा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ हे दोन आकडे जवळपास सारखे, २३० च्या आसपास यायला हवेत, न्यूट्रल ते अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. नसेल तर आधी अर्थिंग करून घ्या. घरमालक कुरकुरला तरी वॉशिंग मशीनचं कारण पुढे करता येतं.

स्टॅबिलायझरचा आग्रह कोणी धरला तर गरज नाही. चांगले एसएमपीएस १०० ते २४० व्होल्टमध्ये चालतात. यूपीएस मात्र हवा. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो, मशीन आणि मॉनिटर मिळून खेळताना तो काठावर येतो आणि लाईट गेली की शिट्टी वाजवून बंद पडतो. १००० व्हीए, म्हणजे सुमारे ६०० वॅट, घ्या. त्यावर खेळत राहायचं नसतं, गेम सेव्ह करून मशीन नीट बंद करायला पाच मिनिटं मिळाली की झालं. घरी इन्व्हर्टर असेल तर तो साइन वेव्ह (घरच्या विजेसारखी सलग लहर देणारा) आहे का बघा आणि मागचं बटण यूपीएस मोडवर ठेवा. एसएमपीएस विजेशिवाय साधारण १६ मिलिसेकंद तग धरतो, इन्व्हर्टरने त्याच्या आत सूत्रं हातात घेतली नाहीत तर मशीन रिस्टार्ट होणार.

कॅबिनेट

पुढून जाळी. बस्स, हीच मुख्य अट. पुढे काच आणि आत रंगीत पंखे असलेला डबा दुकानात झकास दिसतो, एप्रिल-मेमध्ये खोली छत्तिशीवर गेली की आतलं कार्ड धापा टाकतं. पुढून दोन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा, एवढं पुरे. काढून धुता येणारी धूळजाळी हवी. कार्डाची लांबी मिलिमीटरमध्ये आणि कॅबिनेटची मर्यादा जुळवून बघा. तीन पंख्यांची कार्डं तीनशेच्या पुढे जातात. ६५ वॅटच्या प्रोसेसरला पाण्याचा कूलर लावून देणारे लोक आहेत. खोक्यातला चालतो, आवाज नको असेल तर १२० मिलिमीटरचा टॉवर कूलर.

कॅबिनेट टेबलावर ठेवा. एसएमपीएस आजकाल डब्याच्या तळाशी असतो, खालची सगळी धूळ तोच ओढतो. आणि २०१९, २०२१ ला ज्यांच्या तळमजल्यात पंचगंगा आली होती त्यांना तर हे सांगायलाच नको. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांचा इशारा लागला की आपण गाडी वर लावतो, तेव्हाच मशीनही वरच्या मजल्यावर न्यावं, धोक्याच्या ४३ फुटांची वाट बघू नये. मागच्या रिकाम्या पट्ट्यांच्या झाकण्या काढलेल्या असतील तर लावून घ्या. पालीला उबदार जागा आवडते.

"आय-७ गेमिंग पीसी, फक्त पंधरा हजार"

अशी जाहिरात दिसली की पिढी विचारा. बहुधा आय७-२६०० निघतो, २०११ चा. सोबत जीटी ७१० किंवा ७३०, नवं चकाकतं कॅबिनेट आणि फ्री एसएमपीएस. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचं लागतं, शिवाय टीपीएम २.० ही मशीनमधली सुरक्षेची सोय. विंडोज १० ची साथ १४ ऑक्टोबर २०२५ ला संपली. व्हॅलोरंट तर विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट (खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सेटिंग) चालू नसेल तर सुरूच होत नाही. जुनं घ्यायचंच तर सुटं कार्ड घ्या, ते समोर अर्धा तास गेम चालवून, आणि मूळ बिल असेल तरच.

कुठून घ्यायचं

ऑनलाइन पाचदहा टक्के स्वस्त पडतं, कधी त्याहून जास्त. तरी कार्ड, एसएमपीएस आणि बोर्ड गावातल्या दुकानातून घ्यावेत, भाव थोडा जास्त असला तरी, असं मी सांगेन. कारण वॉरंटी. पैसे देण्याआधी तीन प्रश्न विचारा: भाग गेला तर सर्व्हिस सेंटर कुठलं, पुण्याला पाठवणार कोण, आणि ने-आणीचा खर्च कोणाचा? "आम्ही ट्रॅव्हल्सने पाठवतो, तुम्ही फक्त आणून द्या" असं म्हणणाऱ्या दुकानदाराला त्या चार पैशांचा हक्क आहे. ऑनलाइन घेतलंत तर खोकं उघडतानाचा अखंड व्हिडिओ काढा, कुरिअरचं लेबल दिसेल असा.

बिल पक्कं, जीएसटीचं, प्रत्येक भागाच्या सीरियल नंबरसह. "बिल नको असेल तर १८ टक्के वाचतील" या गोड बोलण्याला भुलू नका. खोक्यावर भारतातल्या आयातदाराच्या नावाचं आणि एमआरपीचं स्टिकर आहे का तेही बघा. ते नसलेला माल बाहेरून आलेला असू शकतो आणि त्याची वॉरंटी इथे चालेलच असं नाही.

जोडणीच्या दिवशी

दुकानात जोडून घेत असाल तर समोर बसा. खोकी तुमच्यासमोर फोडली जाऊ देत. एएम४ प्रोसेसरच्या पिना प्रोसेसरवर असतात, एएम५ आणि इंटेलच्या बोर्डावर, आणि वाकलेल्या पिनेला वॉरंटी नाही. रॅमच्या चार खाचा असतील तर दोन पट्ट्या प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत जातात. कूलरच्या तळाचा प्लास्टिकचा कागद काढलाय याची खात्री करा. तो तसाच राहून मशीन तापतं आणि मग आठवडाभर सगळे सॉफ्टवेअर बदलत बसतात.

चालू झाल्यावर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी किंवा एक्सपो (रॅमला छापील वेगावर चालवणारी सेटिंग) चालू करायला सांगा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर फिरत राहील आणि तुम्हाला कळणारही नाही. मग सीपीयू-झेड आणि जीपीयू-झेड उघडून नावं बिलाशी ताडून बघा. बनावट कार्ड असेल तर जीपीयू-झेड नावाआधीच "फेक" लिहून दाखवतं. वीस मिनिटं एखादा जड गेम किंवा बेंचमार्क चालवून तापमान बघा; कार्ड ऐंशीच्या आत असेल तर छान. विंडोज क्रॅक करून देऊ का असं विचारतील. नको म्हणा, त्या क्रॅकसाठी आधी विंडोजचा अँटीव्हायरस, म्हणजे डिफेंडरच बंद केलेला असतो.

घरी नेताना कॅबिनेट आडवं ठेवा, काचेची बाजू वर, म्हणजे जड कार्ड बोर्डावर उभं राहतं आणि स्लॉटला हिसका बसत नाही. अ‍ॅक्टिव्हावर पुढे उभं धरून खड्ड्यांतून नेण्यापेक्षा रिक्षा बरी.

घरी मॉनिटरची वायर कार्डाला लावा, वरच्या बाजूला बोर्डाची एचडीएमआय दिसते तिथे नव्हे. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये जाऊन रिफ्रेश रेट १४४ करा. बऱ्याच घरांत तो वर्षभर साठवरच पडून असतो. खोकी फेकू नका, वॉरंटीत पाठवताना कार्ड त्यातच पाठवायचं असतं, माळ्यावर टाका.

दोन महिन्यांनी, आणि पावसाळा संपला की नक्की, प्लग काढून मशीन गॅलरीत न्या आणि ब्लोअरने साफ करा. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो मोकळा गरगरला तर बेअरिंग खराब होतं.